वर्गमूळांची समीकरणे आणि महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह'

जैन वाङ्मयाचा गौरव करताना कथा, आचार आणि तत्त्वज्ञान यांचा उल्लेख अगत्याने होतो. गणिताचा मात्र क्वचितच होतो. वस्तुतः आपल्या परंपरेने ज्ञानाचे जे चार अनुयोग मानले त्यांपैकी एक संपूर्ण अनुयोग गणिताशी निगडित आहे. दिगंबर परंपरा त्यास करणानुयोग म्हणते, श्वेतांबर परंपरा गणितानुयोग म्हणते. लोकरचना, काल, कर्मस्थिती आणि जीवसंख्या यांचे विवेचन संख्येवाचून होऊ शकत नाही, अशी पूर्वाचार्यांची धारणा होती. या विस्तीर्ण विषयातील एकच अंग प्रस्तुत लेखात घेतले आहे. ज्या समीकरणात अज्ञात राशी वर्गमूळाच्या चिन्हाखाली दडलेली असते, ते सोडवावे कसे? शाळेत इयत्ता नववी-दहावीला हा भाग विद्यार्थ्यांस कंटाळवाणा वाटतो. परंतु सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी एका जैन गणितज्ञाने याच विषयावर एक स्वतंत्र प्रकरण रचले, त्यातील प्रकारांना नावे दिली आणि उंट-हत्तींच्या कळपांची उदाहरणे घालून ते रंजक केले, हे आपल्या समाजातही फार थोड्यांस ठाऊक आहे.

प्रथम वर्गमूळाशी जैन परंपरेचा संबंध किती जुना आहे ते पाहणे उचित ठरेल. अनेक मंदिरांतून जंबूद्वीपाचा नकाशा लावलेला असतो. जंबूद्वीप वर्तुळाकार असून त्याचा व्यास १ लक्ष योजने आणि परिधी ३,१६,२२७ योजने, ३ कोश, १२८ धनुष्ये व साडेतेरा अंगुलांहून किंचित अधिक, असे आगमांत सांगितले आहे. पाठशाळेत हे आकडे पाठ केलेले अनेक जण आजही भेटतात. ते आले कोठून, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. रीत अशी : व्यासाचा वर्ग करावा, त्यास १० ने गुणावे आणि वर्गमूळ काढावे. १ लक्षाचा वर्ग १ हजार कोटी. दहापट केली की दहा हजार कोटी. याचे पूर्णांकी वर्गमूळ ३,१६,२२७ येते आणि ४,८४,४७१ बाकी उरते. ही बाकी मूळाच्या दुपटीने, म्हणजे ६,३२,४५४ ने भागावयाची. एका योजनाचे ४ कोश, एका कोशाची २,००० धनुष्ये आणि एका धनुष्याची ९६ अंगुले, हे कोष्टक ध्यानात ठेवावे. बाकीस ४ ने गुणून भागले की ३ कोश येतात व ४०,५२२ उरतात. त्यांस २,००० ने गुणून भागले की १२८ धनुष्ये येतात व ८९,८८८ उरतात. त्यांस ९६ ने गुणून भागले की १३ अंगुले येतात आणि ४,०७,३४६ उरतात. भाजकाचे अर्धे ३,१६,२२७. उरलेली बाकी त्याहून अधिक आहे. म्हणजेच साडेतेरा अंगुले आणि वर थोडे. आगमातील आकडा जसाच्या तसा हाती आला.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. दहा हजार कोटींचे वर्गमूळ आजच्या साधनांनी अचूक काढले तर शेवटी १३ अंगुलांहूनही थोडे कमी येते. साडेतेरा येण्याचे कारण असे की बाकीला मूळाच्या दुपटीने भागण्याची रीत आसन्न आहे. ती नेहमी वास्तव मूल्याहून अत्यल्प अधिक उत्तर देते. तीन लक्ष योजनांच्या मापात अर्ध्या-पाऊण अंगुलाचा हा फरक व्यवहारात नगण्यच. परंतु याच फरकामुळे प्राचीन गणितज्ञांनी कोणती रीत वापरली होती ते आज निश्चित सांगता येते. जुन्या चोपडीतील एखादी चुकीची बेरीज जशी लिहिणाऱ्याची पद्धत उघड करते, तसाच हा प्रकार होय. परिधी आणि व्यास यांचे गुणोत्तर √१० म्हणजे सुमारे ३.१६२ धरणे हेही स्थूलच आहे, कारण वास्तव गुणोत्तर ३.१४१५९ इतके आहे. 'आमच्या ग्रंथांत सर्व काही अचूक होते' असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले बरे. पूर्वाचार्यांचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी त्यांच्यावर न केलेले शोध लादण्याची गरज नाही. त्यांनी प्रत्यक्षात केलेले काम पुरेसे मोठे आहे.

तत्त्वार्थाधिगमसूत्राच्या भाष्यात वर्तुळखंडाची जी सूत्रे दिली आहेत ती आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहेत. भरतक्षेत्र हा जंबूद्वीपाच्या वर्तुळाचा दक्षिणेकडील खंड. त्याचा आकार प्रत्यंचा चढविलेल्या धनुष्यासारखा. म्हणून कमानीस धनुष्य, सरळ रेषेस जीवा आणि मधल्या उंचीस इषु म्हणजे बाण, अशा संज्ञा रूढ झाल्या. बाण ठाऊक असता जीवा काढावयाची तर व्यासातून बाण वजा करावा, उरलेल्यास बाणाने व पुन्हा ४ ने गुणावे आणि वर्गमूळ घ्यावे. व्यास १० व बाण २ असता १० वजा २ म्हणजे ८, गुणिले २, गुणिले ४, म्हणजे ६४, जीवा ८. आता प्रश्न उलटा करावा. जीवा ८ ठाऊक आहे, बाण किती? येथे अज्ञात राशी मूळाखाली गेली. भाष्यातील रीत सांगते की व्यासाच्या वर्गातून जीवेचा वर्ग वजा करावा (१०० – ६४ = ३६), त्याचे मूळ (६) व्यासातून वजा करावे (४) आणि अर्धे करावे. बाण २. मूळ वजा करण्याऐवजी मिळविले असते तर १६ चे अर्धे ८ आले असते. हे उत्तरही खोटे नाही, कारण तो वर्तुळाच्या पलीकडच्या, मोठ्या खंडाचा बाण आहे. वर्गमूळ काढताना दोन उत्तरे संभवतात. ती दोन्ही ग्राह्य की एकच, हे मूळ प्रश्नाकडे पाहूनच ठरवावे लागते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आता महावीराचार्यांकडे वळू. त्यांचा 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ इ. स. ८५० च्या सुमाराचा मानला जातो. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याचा हा काळ (इ. स. ८१४ ते ८७८). त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. महाराष्ट्राचा फार मोठा प्रदेश त्या वेळी राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता आणि वेरूळची जैन लेणी प्रामुख्याने त्याच राजवटीतील आहेत. 'आदिपुराणा'चे कर्ते आचार्य जिनसेन यांना अमोघवर्ष गुरुस्थानी मानीत असे. त्यांचे गुरू वीरसेन यांनी 'धवला' टीका याच काळात पूर्ण केली. अशा वातावरणात महावीराचार्यांनी भगवान महावीरांस वंदन करून आणि नृपतुंगाच्या राज्याचे शुभ चिंतून ग्रंथारंभ केला. त्यापूर्वीच्या भारतीय गणिताचे मोठे ग्रंथ बहुधा ज्योतिषाच्या आश्रयाने लिहिलेले. आर्यभट व ब्रह्मगुप्त यांच्या ग्रंथांत गणित हा ज्योतिषाचा एक अध्याय असतो. 'गणितसारसंग्रह' मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत केवळ गणिताचा ग्रंथ आहे. त्यात संज्ञा व परिभाषा, मूलभूत परिकर्मे, अपूर्णांक, प्रकीर्णक, त्रैराशिक, मिश्रक, क्षेत्रगणित, खातगणित आणि छायागणित असे नऊ अध्याय असून एकूण श्लोकसंख्या अकराशेच्या वर जाते. गणित कोठे कोठे उपयोगी पडते हे सांगताना आचार्य अर्थशास्त्राबरोबर संगीत, नाट्य, पाकशास्त्र, वैद्यक व वास्तुविद्या यांचीही नावे घेतात. मिश्रक अध्यायात व्याज, भागीदारी आणि सोन्याचा कस यांची उदाहरणे इतकी विपुल आहेत की ग्रंथकर्त्यास बाजारपेठेची चांगली ओळख असली पाहिजे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

वर्गमूळांची समीकरणे चौथ्या म्हणजे प्रकीर्णक अध्यायात येतात. या अध्यायात आचार्यांनी उदाहरणांच्या दहा जाती सांगितल्या : भाग, शेष, मूल, शेषमूल, द्विरग्रशेषमूल, अंशमूल, भागाभ्यास, अंशवर्ग, मूलमिश्र आणि भिन्नदृश्य. नावांवरूनच ध्यानात येते की यांतील निम्म्या जातींमध्ये 'मूल' आहे. भाग व शेष या जाती सोप्या होत. आंब्यांच्या राशीतून राजाने एक षष्ठांश, उरलेल्यांतून राणीने एक पंचमांश, मग तीन राजपुत्रांनी अनुक्रमे उरलेल्यांचा चौथा, तिसरा व दुसरा हिस्सा घेतला आणि धाकट्या मुलास तीन आंबे राहिले, हे शेषजातीचे उदाहरण. उत्तर १८. वाटणीत प्रत्येकाला तीनच आंबे आले हे उत्तर काढल्यावर कळते, आणि आचार्यांच्या विनोदबुद्धीचे कौतुक वाटते.

मूलजातीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण उंटांचे आहे. कळपाचा चौथा हिस्सा अरण्यात दिसला, कळपाच्या वर्गमूळाच्या दुप्पट उंट डोंगरउतारावर गेले आणि ५ च्या तिप्पट म्हणजे १५ नदीकाठी राहिले. तर कळप किती उंटांचा? आजच्या चिन्हांत मांडले तर

क्ष/४ + २√क्ष + १५ = क्ष

असे होते. आचार्यांपाशी ही चिन्हे नव्हती; त्यांची रीत शब्दांत आहे आणि ती त्रैराशिकाप्रमाणे पायरीपायरीने चालविता येते. मूळाचा जो गुणक आहे (२) त्याचे अर्धे घ्यावे : १. एकातून भाग वजा करावा : १ – १/४ = ३/४. या पाऊणाने अर्ध्या गुणकास भागावे : ४/३. त्याच पाऊणाने दृश्य राशीस, म्हणजे प्रत्यक्ष दिसलेल्या १५ उंटांस भागावे : २०. आता ४/३ चा वर्ग १६/९, त्यात २० मिळविले की १९६/९, त्याचे मूळ १४/३. त्यात ४/३ पुन्हा मिळविले की १८/३ म्हणजे ६. हे कळपाचे वर्गमूळ झाले. त्याचा वर्ग ३६. ताळा पाहावा : चौथा हिस्सा ९, मूळाची दुप्पट १२, नदीकाठी १५, एकूण ३६.

या रीतीचे मर्म असे की आचार्य थेट कळपाचा शोध घेत नाहीत, कळपाच्या मूळाचा घेतात. मूळास य म्हटले की कळप हा य चा वर्ग होतो आणि वर्गमूळाचे चिन्ह नाहीसे होऊन साधे वर्गसमीकरण उरते. शाळेत हल्ली वर्गमूळाचे पद एका बाजूस ठेवून दोन्ही बाजूंचा वर्ग करावयास शिकवितात. तसे केल्यास ३क्ष/४ – १५ = २√क्ष, आणि वर्ग करून आवरले की ९क्ष² – ४२४क्ष + ३६०० = ० असे अवजड समीकरण येते. त्याची उत्तरे दोन : ३६ आणि १००/९. दुसरे उत्तर म्हणजे सव्वाअकराहूनही कमी उंट; शिवाय त्याचा ताळाही जुळत नाही. १००/९ चा चौथा हिस्सा २५/९, मूळाची दुप्पट ६०/९ आणि १५ म्हणजे १३५/९. बेरीज २२०/९ होते, १००/९ होत नाही. मग हे उत्तर आले कोठून? वर्ग करताना धन आणि ऋण यांतील भेद पुसला जातो. मूळाचे ६०/९ मिळविण्याऐवजी वजा केले तर बेरीज बरोबर १००/९ येते. म्हणजे ते उत्तर खरे आहे, पण आपण न विचारलेल्या प्रश्नाचे. परीक्षेत ताळा न पाहता दोन्ही उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण येथेच जातात.

आचार्यांस हा भेद चांगला ठाऊक होता. पहिल्याच अध्यायात ते सांगतात की धन राशीचा वर्ग धन आणि ऋण राशीचाही वर्ग धनच होतो. म्हणून त्या वर्गांची मूळे अनुक्रमे धन व ऋण असतात. पुढे ते म्हणतात की ऋण राशी स्वभावतःच वर्ग असू शकत नाही, म्हणून तिला वर्गमूळ नाही. ऋण संख्येच्या वर्गमूळाचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे उपस्थित करणारे हे विधान गणिताच्या इतिहासात वारंवार उल्लेखिले जाते. त्यावर काल्पनिक संख्यांचे शास्त्र उभे राहावयास पुढे युरोपात सोळावे शतक उजाडावे लागले. महावीराचार्यांनी तो शोध लावला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जेथे वाट बंद होते ती जागा मात्र त्यांनी नेमकी दाखविली. याच ग्रंथात, संख्येस शून्याने भागले असता ती अविकृत राहते, असे एक विधान आहे. ते स्वीकारण्याजोगे नाही. तीनशे वर्षांनी भास्कराचार्यांनी या बाबतीत अधिक सूक्ष्म विचार मांडला.

अंशमूल प्रकारची उदाहरणे याहून कठीण, आणि गणिताची गोडी असणाऱ्यास अधिक आनंद देणारी आहेत. हत्तींच्या एका कळपाचा दोन-तृतीयांश घेऊन त्याच्या वर्गमूळाची नऊपट इतके हत्ती बाजूस गेले. राहिलेल्यांच्या तीन-पंचमांशाच्या वर्गमूळाची सहापट इतके पुन्हा गेले. शेवटी २४ हत्ती वनात दिसले. कळप किती? एका मूळाच्या आत दुसरे मूळ गुंतले आहे. आजच्या रीतीने एकदम वर्ग करावयास गेल्यास कागद पुरणार नाही. उलट शेवटाकडून आरंभाकडे यावे, म्हणजे काम सरळ होते. पहिल्या गटानंतर राहिलेले हत्ती न धरू. त्यांचा तीन-पंचमांश हा य चा वर्ग मानला तर न म्हणजे त्या वर्गाचा ५/३. म्हणून ५य²/३ = ६य + २४, अर्थात ५य² – १८य – ७२ = ०. यातून य = (१८ + ४२)/१० = ६. वर्ग ३६, आणि न = ६०. आता पूर्ण कळपाचा दोन-तृतीयांश हा र चा वर्ग मानावा. कळप म्हणजे ३र²/२. म्हणून ३र²/२ = ९र + ६०, म्हणजेच र² – ६र – ४० = ०, आणि र = ३ + ७ = १०. वर्ग १००, कळप १५०. ताळा : १०० चे मूळ १०, नऊपट ९०, राहिले ६०, त्याचा तीन-पंचमांश ३६, मूळ ६, सहापट ३६, राहिले २४. प्रत्येक पायरीवर मूळ पूर्णांकात यावे अशा बेताने आकडे निवडणे ही उदाहरण घालणाऱ्याची कसोटी असते. सोडविणाऱ्याच्या श्रमाहून घालणाऱ्याचे श्रम येथे अधिक झाले असावेत.

मूलमिश्र ही जात सर्वांत देखणी. यात दोन वर्गमूळांची बेरीज दिलेली असते. एक राशी आणि तीत काही मिळवून किंवा वजा करून होणारी दुसरी राशी, या दोहोंच्या मूळांची बेरीज ठाऊक असता मूळ राशी काढावयाची. समजा, कापडाचे दोन चौरस तुकडे आहेत. मोठ्याचे क्षेत्रफळ लहानाहून २१ चौरस फूट अधिक आहे आणि दोघांची एकेक बाजू सांधली तर ७ फूट भरतात. म्हणजे √क्ष + √(क्ष + २१) = ७. आचार्यांची रीत अशी : बेरजेचा वर्ग करावा (४९), त्यातून अधिक असलेली राशी वजा करावी (२८), बेरजेच्या दुपटीने भागावे (२८ ÷ १४ = २) आणि आलेल्याचा वर्ग करावा. लहान तुकडा ४ चौरस फुटांचा, मोठा २५ चा. बाजू २ आणि ५. अधिकाऐवजी उणी राशी असेल तर वजा करण्याऐवजी मिळवावयाचे. रीतीची उपपत्ती पाहू गेल्यास √(क्ष + २१) = ७ – √क्ष असे मांडून वर्ग केला की दोन्ही बाजूंस क्ष येतो व जातो, आणि केवळ २१ = ४९ – १४√क्ष एवढेच उरते. वर्गसमीकरणाची गरजच भासत नाही.

पण येथेही सावधगिरी हवी. वरील उदाहरणात बाजूंची बेरीज ७ ऐवजी ३ फूट दिली असती तर? रीत डोळे मिटून चालविली की ९ वजा २१ म्हणजे उणे १२, भागिले ६, उणे २, आणि त्याचा वर्ग पुन्हा ४. उत्तर तेच! ताळा पाहता २ व ५ यांची बेरीज ७ होते, ३ नव्हे. प्रश्नच अशक्य होता. २१ चौरस फुटांहून मोठ्या चौरसाची एक बाजूच साडेचार फुटांहून अधिक असते, मग दोन बाजू मिळून ३ फूट कशा होतील? मधली पायरी ऋण आली तेथेच थांबावयास हवे होते. शेवटचा वर्ग ती खूण झाकून टाकतो. व्यापारी चोपडीत जमा-खर्चाची बाजू उलटली तरी आकडा तोच दिसतो, तसेच हे.

हे सारे महावीराचार्यांनी शून्यातून निर्माण केले असे नव्हे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने वर्गसमीकरण सोडविण्याची रीत दिलेली होती, आणि त्याही आधी आर्यभटाने (इ. स. ४९९) चक्रवाढीच्या एका प्रश्नासाठी वर्गमूळाचा उपयोग केला होता. १०० रुपये मुद्दलावर महिन्याचे व्याज किती, हे ठाऊक नाही; ते व्याज त्याच दराने ४ महिने पुन्हा लाविले आणि व्याजासह ६ रुपये झाले; तर महिन्याचे व्याज ५ रुपये, हे उत्तर आर्यभटाच्या रीतीने निघते. महावीराचार्यांचे श्रेय जातिविभागणीत आहे. विखुरलेल्या रीती त्यांनी एका अध्यायात ओळीने लाविल्या, प्रत्येकीस नाव दिले, प्रत्येकीखाली अनेक उदाहरणे दिली आणि अवघडात अवघड प्रकारापर्यंत शिष्यास हात धरून नेले. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन याने या ग्रंथाचे तेलुगू रूपांतर केले, यावरून दक्षिणेत त्याचा प्रसार किती होता हे दिसते.

महाराष्ट्राशी नाते असलेल्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही (इ. स. ११५०) हीच परंपरा पुढे चालते. हंसांच्या थव्याच्या वर्गमूळाची दसपट मानससरोवराकडे गेली, आठवा हिस्सा स्थलकमलांच्या वनात उतरला आणि तीन जोड्या पाण्यात क्रीडा करीत राहिल्या, थवा किती? उंटांची रीत येथे जशीच्या तशी चालते आणि उत्तर १४४ येते : १२० + १८ + ६. पुढे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे असून तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. राजाश्रय आणि अध्ययनाची व्यवस्था लाभल्याने 'लीलावती' घरोघरी पोहोचली. तिच्या टीका झाल्या, फारसी भाषांतर झाले. 'गणितसारसंग्रह' मात्र दीर्घकाळ ताडपत्रांतच राहिला.

त्याचा पुनरुद्धार विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी कन्नड व ग्रंथ लिपीतील हस्तलिखिते ताडून पाहिली. त्यांत मूडबिद्रीच्या जैन मंदिरातील ताडपत्रावरून उतरलेली एक प्रत होती. १९१२ मध्ये त्यांची संस्कृत संहिता इंग्रजी भाषांतर व टीपांसह मद्रास येथून प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे गणितेतिहासकार डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी तिला प्रस्तावना लिहिली. त्यांनी १९०८ मध्येच रोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत या ग्रंथाकडे विद्वानांचे लक्ष वेधले होते. अर्थात, रोममधील गणितज्ञांस महावीराचार्य ठाऊक झाले त्या वेळी आपल्यापैकी बहुतेकांस त्यांचे नावही माहीत नव्हते, ही गोष्ट फारशी भूषणावह नाही.

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय मात्र महाराष्ट्रातील एका संस्थेस जाते. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी ज्या जैन संस्कृति संरक्षक संघास आपली संपत्ती वाहिली, त्याच संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत १९६३ मध्ये प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांनी केलेल्या हिंदी अनुवादासह 'गणितसारसंग्रह' प्रसिद्ध झाला. पुढे २००० मध्ये कर्नाटकातील होंबुज जैन मठाने डॉ. पद्मावतम्मा यांनी संपादिलेली आवृत्ती इंग्रजी व कन्नड अनुवादासह काढली. उंट, हत्ती आणि आंबे ज्या प्रकीर्णक अध्यायात आहेत त्याचे संपूर्ण मराठी भाषांतर, आजच्या चिन्हांत सोडविलेल्या उदाहरणांसह, आपल्या पाठशाळांच्या वरच्या वर्गांत लाविता येईल. त्यास लागेल एखादा गणिताचा शिक्षक, एखादा संस्कृतज्ञ आणि एका लहान पुस्तिकेच्या छपाईचा खर्च.